तिसरा डबा

“अहो, हात काढा तिथून. भाजेल,” बायको म्हणाली, तसा मिस्त्रीने हात काढला खरा, पण त्याच्या कपाळाला आठी पडली. तीस वर्षं सोल्डरिंग गन हातात वागवलेल्या माणसाला आयुष्यभर काजं-बटणं करणारी बायको भाजेल म्हणून सांगत होती, आणि वर तिचंच बरोबर होतं. टेबलाच्या कडेवर ठेवलेला त्याचा उजवा हात आपल्या मनाने थरथरत होता.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर रेल्वेचा एक छोटा डबा होता, छत काढून ठेवलेला. त्याला कुणी खेळणं म्हटलेलं मिस्त्रीला खपत नसे. रेल्वेच्या प्रशिक्षण शाळेत मॉडेलची एक खोली होती. तीन स्टेशनं, दोन पूल, सिग्नल, सगळं खऱ्याबरहुकूम. नवीन भरती झालेली मुलं तिथे गाडी आत घ्यायला आणि बाहेर सोडायला शिकत. त्या गाडीचा हा डबा होता, कोपरापासून मनगटापर्यंत लांब. आत बाकं होती, बाकांवर नखाएवढी माणसं होती आणि खिडक्यांना काचासुद्धा होत्या. असे पाच डबे, आणि त्या पाचांत दिवे बसवायचे होते. सोमवारी अकराला तपासणी होती आणि आज रविवारची दुपार टळत आली होती.

दिव्यांचं हे लचांड लावून दिलं होतं तपासणीच्या बाईंनी. मागच्या खेपेला त्या खोलीतले दिवे बंद करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, रात्रीच्या वेळी गाडी पुरती आत आली की नाही हे स्टेशनातल्या माणसाला खिडक्यांच्या उजेडावरून कळायला हवं. तुमची गाडी तर अंधारात दिसतच नाही, मग तुम्ही शिकवता काय? पुढच्या वेळेपर्यंत दिवे लावा, नाहीतर खोली बंद करा. प्राचार्यांनी तेच वाक्य जसंच्या तसं मिस्त्रीच्या गळ्यात घातलं. वर म्हणाले, “तुमच्या हातचा मळ आहे हा.”

मिस्त्री हो म्हणाला. नाही म्हणून सांगतो कुणाला? हाताचा कंप सुरू होऊन वर्ष झालं होतं आणि शाळेत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. हात खिशात ठेवायची त्याने सवय लावून घेतली होती. कप बशीत वाजतो म्हणून शाळेतला चहा सोडला होता आणि लोकांना पित्ताचं कारण सांगितलं होतं. निवृत्तीला सव्वादोन वर्षं उरली होती. हे बाहेर फुटलं तर त्याला त्या खोलीतून उचलून कोठारात बसवतील, झेंडे आणि कंदील वाटायला, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पगार तोच राहिला असता, पण खोली गेली असती. आणि ती खोली गेली की आपल्याजवळ सांगण्यासारखं काही उरत नाही, असं त्याला अगदी आतून वाटत होतं.

म्हणून डबे घरी आले होते. डोकं त्याचं आणि हात बायकोचे, असं पाच दिवस चाललं होतं. छताला आतून दिव्यांची पट्टी चिकटवायची, चाकांना घासणाऱ्या पितळी पातीने रुळातली वीज घ्यायची आणि वायर दिसू नये म्हणून ती डब्याच्या टोकाच्या संडासातून वर काढायची. पहिल्या डब्याला बायको म्हणाली होती, “चला, संडास कुणाच्या तरी उपयोगी पडला,” आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते.

खरी मेख होती ती डायोडची. गाडी पुढे जाते तेव्हा रुळातली वीज एका बाजूने येते, मागे जाते तेव्हा उलट्या बाजूने. या दिव्यांना मात्र एकच बाजू चालते. म्हणून प्रत्येक डब्यात तांदळाएवढे चार डायोड जोडायचे, म्हणजे वीज कुठूनही आली तरी दिव्यापर्यंत सरळच पोचते. त्यातला एक जरी टाका कच्चा राहिला, तर डबा जाताना उजेडात आणि येताना अंधारात. बायकोने हे एकदा ऐकलं आणि पक्कं धरलं. डबा झाला की ती बॅटरीच्या वायरी सरळ लावून बघायची, मग उलट्या लावून बघायची, मगच छत दाबायची. चार डबे असे झाले होते. तिसऱ्याचं छत घट्ट बसलं होतं म्हणून तो मागे राहिला होता, तेवढाच आता बाकी होता.

ती पहिला डायोड चिमट्यात धरते आहे तोच दार वाजलं आणि उघडंच असल्यामुळे पाहुणे थेट आत आले. सिग्नल शिकवणारे सर. मॉडेल मोडीत काढून त्या खोलीत संगणकाचे पडदे लावावेत असा त्यांचा चार वर्षांचा धोशा होता, म्हणून शाळेत पाठीमागे त्यांना पडदेसर म्हणत. सहज डोकावलो, म्हणाले. त्यांची नजर टेबलावर गेली, डब्यावर गेली आणि बायकोच्या हातातल्या गनवर थांबली.

“मी आपली तापवून देतेय यांना,” बायको पटकन म्हणाली.

“वा, वहिनी,” पडदेसर म्हणाले. “मग खोली तुमच्याच नावावर करायला सांगतो उद्या.”

हसून बोलले आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेले. मिस्त्री तोंडात मारल्यासारखा उभा होता. दार लागलं तसा तो टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून म्हणाला, “ऊठ. हा मी करतो.”

बायकोने त्याच्याकडे बघितलं. समजावून बघितलं, तो माणूस मुद्दाम खोचून बोलला, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. तो ऐकेना. शेवटी तिने गन त्याच्या हातात दिली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिला ते बघवणार नव्हतं, आणि तिने बघितलेलं त्याला चाललं नसतं.

दोन्ही मनगटं टेबलावर दाबून त्याने श्वास धरला. पहिला टाका बसला. दुसरा बसायला पाच मिनिटं लागली, दोनदा गन डब्याच्या कडेला लागता लागता राहिली. प्लॅस्टिक वितळलं असतं तर सगळाच ग्रंथ आटोपला असता. तिसऱ्या टाक्याला कथिल वितळून डायोडच्या पायावर आलं, आणि ते थिजायच्या आत हात हलला. त्याला जाणवलं. वरून टाका ठीक दिसत होता, जरासा मळकट, बस. चौथा त्याने उरकला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. बॅटरीच्या वायरी लावल्या, दिवे पेटले, बाकांवरची माणसं उजेडात आली, आणि इतका आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. त्याने छत दाबून बसवलं.

“उलट्या लावून बघितल्यात?” ओट्याकडूनच बायकोने विचारलं.

“हो,” तो म्हणाला.

का हो म्हणालो, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. उलट्या लावून बघायचं धैर्य झालं नाही, एवढंच खरं.

सोमवारी अकराच्या ठोक्याला बाई आल्या. बारीक चणीच्या होत्या, पण चपलांच्या आवाजावरून अख्ख्या शाळेला कळायचं की त्या कुठल्या मजल्यावर आहेत. खोलीत वीसेक प्रशिक्षणार्थी भिंतीला लागून उभे होते, प्राचार्य रुमालाने मान पुसत होते आणि पडदेसर बाईंच्या मागे हाताची घडी घालून उभे होते. मिस्त्री कंट्रोलच्या खोक्याशी बसला होता. खोक्याला एकच गोल बटण, उजवीकडे फिरवलं की गाडी पुढे, डावीकडे फिरवलं की मागे. त्याला थरथरता हात पुरत होता, मूठभर बटण मुठीत धरलं की झालं.

काळे पडदे ओढले गेले. दिवसाढवळ्या खोलीत मिट्ट काळोख झाला. मिस्त्रीने बटण फिरवलं.

गाडी बोगद्यातून बाहेर आली तेव्हा भिंतीशी उभी असलेली मुलं एकदम पुढे झुकली. पाच डबे, प्रत्येकाच्या खिडक्यांतून पिवळा उजेड, आणि तो उजेड रुळांच्या कडेच्या खडीवरून पळत होता. पुलावर गाडी आली तसं खालच्या काचेच्या नदीतही ते डबे दिसले. मिस्त्रीने तिसऱ्या डब्यावरची नजर काढलीच नाही. तो इतरांसारखाच पेटलेला होता.

“डबे किती?” बाईंनी अंधारात विचारलं.

“पाच, मॅडम,” एका मुलाने सांगितलं.

“छान. आता हीच गाडी मागे घ्या. दुसऱ्या स्टेशनात.”

गाडी थांबली. मिस्त्रीच्या हाताखाली बटण मधोमध होतं आणि ते डावीकडे वळवायला त्याचा जीव होईना. प्राचार्य खाकरले. त्याने बटण वळवलं. गाडी मागे सरकू लागली, पाचही डबे पेटलेले, आणि क्षणभर मिस्त्रीला वाटलं, सुटलो. पण प्रत्येक डब्यात थोडी वीज साठवून धरणारा एक तुकडा असतो, रुळांच्या सांध्यांवर दिवे फडफडू नयेत म्हणून, आणि ती पुंजी आठ-दहा सेकंदांचीच असते. तिसरा डबा मंद झाला. मग आणखी मंद झाला. मग गेला.

“आता किती?” बाईंचा आवाज आला.

“चार, मॅडम,” तोच मुलगा म्हणाला. मग बहुधा त्याने पुन्हा बघितलं आणि तो गोंधळला, “म्हणजे... चारच दिसतायत.”

पडदे बाजूला झाले तसा मिस्त्रीचा हात खिशात गेला. खोलीतल्या सगळ्यांनी उजेडात डोळे किलकिले केले आणि मग सगळ्यांनी मिस्त्रीकडे बघितलं.

पहिले बोलले पडदेसर, आणि फार सौम्यपणे बोलले. मिस्त्रींची यात काही चूक नाही, म्हणाले. माणूस जुना, कामाचा. पण डबे घरी नेले होते आणि तिथे काम त्यांच्या पत्नी करत होत्या, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. वहिनींनी हौसेने केलं असणार, पण शेवटी काजं-बटणं करणारा हात तो. सरकारी सामान असं घरच्या बायकांच्या हाती दिलं की हे व्हायचंच. स्क्रीनवर असलं काही होत नाही.

प्राचार्यांचा चेहरा उतरला. खरं आहे का, त्यांनी विचारलं.

बाईंना मिस्त्रीची दया आली असावी. त्या म्हणाल्या, “असू दे. घरच्यांनी मदत केली, एखादा टाका कच्चा राहिला. तुम्ही स्वतः एकदा हात फिरवा, पुढच्या महिन्यात दाखवा. विषय संपला.”

खरंच संपला असता. नुसती मान हलवायची होती. मिस्त्रीच्या डोक्यात सगळं लख्ख होतं: मान हलवली की खोली राहते, हात खिशात राहतो, सव्वादोन वर्षं निघून जातात. घरी जाऊन तिला सांगितलं असतं तर तीसुद्धा म्हणाली असती, बरं केलंत. चूक तिच्या नावावर गेली तर तिचं काय बिघडणार होतं? तिला इथे ओळखत होतं कोण? आणि नेमकं तेच त्याला सहन होईना. इथे तिला कुणी ओळखत नव्हतं, आणि पहिल्यांदा तिचं नाव निघालं ते कच्च्या टाक्यासाठी. चार डब्यांचे चिमट्यात धरलेले सोळा डायोड, ते बाजू उलटून पुन्हा पुन्हा बघणं, आणि चूक कुठली, तर तिने हात न लावलेल्या एकमेव डब्यातली. आपण किती हलके झालो, असं त्याला वाटलं, आणि स्वतःची लाज वाटली.

तो उठून उभा राहिला.

“चार डबे तिने केलेत, मॅडम,” तो म्हणाला. “ते चारही लागलेत. विझला तो मी केलाय.”

कुणालाच काही कळलं नाही. तेव्हा त्याने उजवा हात खिशातून काढला आणि स्टेशनाच्या पांढऱ्या फलाटावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. हाताबरोबर फलाटावरचा एक छोटा दिव्याचा खांब हलायला लागला. मुलं बघत होती. पडदेसरांनी हाताची घडी सोडली.

“वर्ष झालं,” मिस्त्री म्हणाला. “मी लपवलं. तिने परवापासून दहा वेळा सांगितलं, शाळेत सांगून टाका म्हणून. हा डबा मी हट्टाने केला, आणि उलटा लावून बघितला नाही. बघितला असं तिला खोटं सांगितलं.”

प्राचार्य म्हणाले, अहो, मग आधी बोलायचं नाही का? बोललो असतो तर काय झालं असतं हे त्या दोघांनाही माहीत होतं.

बाईंनी त्या हाताकडे बघितलं. मग त्या मुलांकडे वळल्या आणि चार डबे मोजणाऱ्याला म्हणाल्या की तुझी चूक झाली, विझलेला डबासुद्धा गाडीचाच असतो, आणि खऱ्या रुळावर ही चूक माणसं मारते. हा धडा पडद्यावर मिळाला नसता, असं त्यांनी पडदेसरांकडे न बघता म्हटलं. खोली चालू राहील. पण विजेचं काम आणि अवजारं या हातात ठेवता येणार नाहीत, तसा नियमच आहे. महिनाअखेर मिस्त्रींनी खोलीचा ताबा सिग्नलच्या सरांकडे द्यायचा आणि कोठारात रुजू व्हायचं.

“आणि तो तिसरा डबा,” जाता जाता त्या म्हणाल्या, “ज्यांनी चार केलेत त्यांच्याकडूनच करून घ्या. इथे बोलावून. पास मी लिहून देते.”

घरी बायको सदऱ्याला बटण लावत होती. त्याने सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. कोठाराचं ऐकताना ती टाके घालत राहिली, पण खोट्याचं ऐकल्यावर तिने सुई खोचून ठेवली. “मी सरळ विचारलं होतं तुम्हाला. हो म्हणालात. माझ्याशीसुद्धा?” एवढंच बोलली आणि दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी जेवताना ती आपण होऊन म्हणाली, “मी केलं म्हणून सांगायचं होतंत. माझं काय जात होतं?”

“तुझा टाका कच्चा नव्हता,” तो म्हणाला.

मग तिने त्याला आणखी भात वाढला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, ती शाळेच्या फाटकातून पहिल्यांदा आत आली. चांगले कपडे घालून आली होती, आणि पास हातात असूनही पहारेकऱ्याला तिने तो तीनदा दाखवला. तीस वर्षं नवरा सकाळी या फाटकातून आत जातो, एवढंच तिला ठाऊक होतं. बाहेरच्यांना खोली बघायची परवानगी नव्हती आणि तिनेही कधी हट्ट धरला नव्हता.

खोलीत आल्यावर तिने आधी इकडेतिकडे बघितलंच नाही. चष्मा लावला, तिसऱ्या डब्याचं छत काढलं आणि त्याचे चारही टाके एकेक करून चिमट्याने हलवून पाहिले. तिसरा हलला. “हा बघा,” ती म्हणाली. रागाने नाही. त्याने डबा दोन्ही पंज्यांनी टेबलावर दाबून धरला, म्हणजे हात कितीही थरथरले तरी डबा हलणार नाही. तिने जुनं कथिल काढलं, नवा टाका दिला, फुंकर न घालता थिजू दिला. बॅटरी सरळ लावून बघितली. उलटी लावून बघितली. उलटीकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि मग छत दाबलं.

मिस्त्रीने डबा गाडीत जोडला. पडदे ओढले. तिला हाताला धरून मुलांच्या बाकावर बसवलं आणि स्वतः खोक्याशी गेला.

गाडी बोगद्यातून निघाली, पुलावर आली, दोन स्टेशनं ओलांडून तिसऱ्यात थांबली आणि मग मागे यायला लागली. बायको अंधारात बोट पुढे करून मोजत होती, त्याला ऐकू येत होतं. पाच झाल्यावर ती थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, “हे सगळं तुम्ही केलंत? ती घरं? तो डोंगर?”

“हो.”

“इतकी वर्षं कधी बोलला नाहीत.”

दाराची फट उघडली आणि उजेडाची एक रेघ जमिनीवर पडली. पडदेसर होते. ताब्याचा कागद हातात होता, त्यावर दोन सह्या आधीच झाल्या होत्या आणि तिसरी मिस्त्रीची व्हायची होती. चार वाजायला आलेत, ऑफिस बंद होईल, असं काहीतरी ते हळू आवाजात म्हणाले.

“अजून एकदा,” बायको म्हणाली. तिने दाराकडे बघितलंही नव्हतं.

मिस्त्रीने बटण मुठीत धरलं.

“दार लावून घ्या, सर,” तो म्हणाला. “गाडी अजून आत आलेली नाही.”

सरांनी दार लावून घेतलं आणि ते कागद धरून अंधारात उभे राहिले.